उतारवयात हाती आलेले यंत्र

(समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



श्री संत नामदेव महाराजांच्या चरणी वंदन करून आम्ही आजच्या विषयास आरंभ करतो. कार्यवाहांनी आम्हांस विषय नेमून दिला तो 'ज्येष्ठ मंडळी आणि स्मार्टफोन' असा. त्याची घोषणा होताच सभागृहात जी खसखस पिकली ती आमच्या कानांवर आलीच. या व्यासपीठावरून आजवर शिक्षणप्रसार, हुंड्याची चाल, वसतिगृहाची इमारत अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत तळहातावर मावणाऱ्या काचेच्या एका तुकड्यास स्थान मिळावे, हे कित्येकांस विनोदी वाटणे साहजिक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या मंडळींच्या नित्याच्या व्यवहारात या वस्तूने जेवढी उलथापालथ केली तेवढी दुसऱ्या कशानेही केली नसेल. आणि तिच्यापायी घरोघरी जे चालले आहे त्यात विनोदापेक्षा अवमानाचा अंश अधिक आहे, असे आमचे मत झाले आहे. म्हणून कार्यवाहांची आज्ञा आम्ही आनंदाने मान्य केली. 'भ्रमणध्वनी' हा शब्द भाषणात शोभतो खरा, परंतु तो शब्द उच्चारून कोणी कोणाकडे ती वस्तू मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तेव्हा आम्हीही सर्वांप्रमाणे 'मोबाईल' व 'फोन' असेच म्हणू.

आमच्या पिढीस दूरध्वनीचे नावीन्य नाही. उलट त्याची प्रतीक्षा आम्ही जेवढी केली तेवढी पुढे कोणी केली नसेल. घरी यंत्र यावे म्हणून अर्ज करावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. तोवर शेजारच्यांच्या घरचा क्रमांक लग्नपत्रिकेवर 'मार्फत' म्हणून छापावा. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून यंत्राजवळ बसून राहावे. पुढे पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी.ची दुकाने निघाली, तेव्हा रात्री उशिरा दर उतरतात म्हणून त्या रांगेत उभे राहून आम्ही मुलींच्या सासरची खुशाली विचारली आहे. ३१ जुलै १९९५ रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी जे संभाषण केले, ते या देशातील मोबाईलवरचे पहिले संभाषण. त्या काळी आलेला फोन घेणाऱ्यासही पैसे पडत. ती पद्धत २००३ साली गेली, आणि मग बटणांचा लहान फोन आपल्या खिशात आला. तो आम्ही सहज आत्मसात केला. एकदा विद्युत्भार भरला की चार-चार दिवस चाले. हिरवे बटण बोलण्यास आणि तांबडे थांबविण्यास, याहून अधिक ज्ञान त्यास लागत नसे. जुलै २०१३ मध्ये सरकारने तारखाते बंद केले त्याचेही आम्हांस विशेष दुःख झाले नाही, कारण तार म्हटली की छातीत धस्स होत असे.

तेव्हा 'तुम्हांला नवे काही नको असते' हा जो आरोप तरुण मंडळी आमच्यावर करतात तो निराधार आहे. स्मार्टफोन आम्ही उशिरा घेतला तो त्याची गरज उशिरा पडली म्हणून. २०१६ सालच्या सप्टेंबरात इंटरनेट स्वस्त झाले; त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि भाजीवाल्याच्या हातगाडीवर काळ्या-पांढऱ्या चौकटीचे पत्रक हळूहळू लटकू लागले. तरीही आम्ही बटणांवरच होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि मग मात्र उपाय उरला नाही. घरातील माणूस दुसऱ्या गावी अडकलेला, दारे बंद, आणि आपल्यातील कित्येकांनी सख्ख्या भावाचे, बहिणीचे अंत्यदर्शन याच काचेवर घेतले. ज्या वस्तूशी पहिली ओळख अशा प्रसंगी झाली तिच्याविषयी मनात प्रेम कसे उपजावे? त्यात पुन्हा कोणास नवा फोन मिळाला, तर कोणास मुलाने वापरून टाकलेला, कोपऱ्यात काच तडकलेला, स्मृतिकोष आधीच भरलेला. वाहनशिक्षणासाठी कोणी मोडकी गाडी देत नाही. वडिलांना शिकण्यासाठी मात्र मोडका फोन चालतो, असा समज दिसतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपला समाज शिंप्यांचा. आपल्यातील बहुतेकांची मुले आज निरनिराळ्या व्यवसायांत आहेत, परंतु या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी आयुष्यात पायमशीन चालविली असेल. आपल्या पूर्वजांच्या हाती शिवणयंत्र आले तेव्हा तेही नवेच होते, आणि प्रौढ कारागिरांनी ते प्रौढपणीच आत्मसात केले. हातशिलाईचे टाके ज्यांच्या बोटांत मुरले होते त्यांना पाय हलवायचा, हाताने कापड सरकवायचे आणि डोळा सुईवर ठेवायचा, ही तिहेरी कसरत काही जन्मतः येत नव्हती. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्रास त्या टीकेतून वगळले होते, हे येथे सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाही. म्हणजे यंत्राशी वैर हा आपला वारसा नव्हे.

परंतु ते यंत्र शिकविले कसे जात होते, हे आठवून पाहा. दुकानात मुलगा आला की त्यास प्रथम काजे करणे, बटणे लावणे, तुरपाई ही कामे मिळत. मशीनवर बसविले की आधी दोराच ओवीत नसत. रिकाम्या सुईने कागदावर रेघा मारावयाच्या. पाय चुकला की चाक उलटे फिरे. कागद सरळ फाटू लागला म्हणजे मग चिंधी, चिंधी साधली म्हणजे उशीचा अभ्रा, आणि गिऱ्हाइकाचा सदरा कित्येक महिन्यांनी. शिकविणारा कारागीर शेजारी बसे. प्रसंगी डोक्यात टपली मारी. परंतु मुलाचा पाय बाजूला सारून स्वतःचा पाय पायपट्टीवर ठेवून "हे बघ, झाले" असे म्हणत नसे. म्हटले असते तर मुलगा जन्मभर काजेच करीत राहिला असता.

आणि आज आमच्या घरी काय घडते? आजोबा फोन घेऊन नातवाकडे जातात. "बाळ, हा फोटो पुण्याच्या मामांना कसा पाठवायचा?" नातू म्हणतो, "द्या इकडे." फोन त्याच्या हाती जातो, अंगठा चार-सहा वेळा विजेसारखा फिरतो, आणि "झालं, घ्या" म्हणून फोन परत येतो. एकूण अवधी पाच सेकंद. काम झाले यात शंका नाही. परंतु आजोबांना काय कळले? एवढेच की हे काम पाच सेकंदांचे आहे आणि ते आपल्यास येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन ते पुन्हा जातात तेव्हा ऐकावयास मिळते, "काल तर दाखवलं होतं!" दाखविले नव्हते, करून दिले होते. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे त्याकडे आम्ही तरुण मंडळींचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो.

या यंत्राची खरी अडचण बुद्धीची आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात पहिली अडचण बोटाची आहे. ही काच दाबल्याने चालत नाही. तिच्यावर विद्युत्‌वाहक असा अदृश्य थर असतो आणि बोटाच्या स्पर्शाने तेथील विद्युत्‌भारात जो सूक्ष्म फरक पडतो तो ओळखून ती चालते. म्हणूनच नखाने टकटक केल्यास तिला काही कळत नाही. आता ज्यांनी पन्नास वर्षे सुई धरली, ज्यांच्या बोटांस अंगुस्तान घालूनही घट्टे पडले, वयोमानाने ज्यांची कातडी कोरडी पडली, त्यांचे बोट या काचेस नीट जाणवत नाही. मग आपण अधिक जोर करतो. जोर केला म्हणजे बोट अधिक वेळ टेकून राहते, आणि सुमारे अर्ध्या सेकंदाहून जास्त टेकलेले बोट म्हणजे निराळीच आज्ञा, असा या यंत्राचा संकेत आहे. उघडावयास गेलो तर चित्र थरथरू लागते, पुसले जाते किंवा जागा सोडून भलतीकडे जाते. घरातले म्हणतात, "तुम्ही काहीतरी दाबलंत!" दाबले होते हे खरे, परंतु बटणांच्या फोनाने वीस वर्षे आपल्याला दाबावयासच शिकविले होते.

यावर उपाय आहेत, आणि ते त्या यंत्रातच आहेत. बोट किंचित ओलसर करून पुसावे. बहुतेक फोनांत 'सेटिंग्ज' नावाचा जो विभाग असतो त्यात स्पर्श किती वेळ टिकला म्हणजे दीर्घ समजावा, तो अवधी वाढविता येतो. अक्षरे मोठी करता येतात. सर्व सूचना मराठीत करता येतात. शंभर वृद्धांपैकी किती जणांच्या फोनांत घरच्यांनी या तीन गोष्टी करून दिल्या असतील? आम्ही ज्यांचे ज्यांचे फोन पाहिले त्यांपैकी बहुतेकांचे अक्षर मुंगीएवढे आणि भाषा इंग्रजीच होती.

बोटाचा हाच प्रश्न निवृत्तिवेतनाच्या वेळीही उभा राहतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत रांगा लागत. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही योजना काढून बोटाच्या ठशावर दाखला देण्याची सोय केली. सोय उत्तम, परंतु श्रमाच्या हातांवरील रेषाच पुसट झालेल्या! ठसा उमटत नाही म्हणून जिवंत माणसाने यंत्रापुढे पुन्हा पुन्हा बोट ठेवावे, हा देखावा आम्ही पाहिला आहे. २०२१ सालापासून चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देता येतो. ज्याने फोन आत्मसात केला त्याची रांग चुकली, आणि ज्याने केला नाही तो नोव्हेंबर आला की रिक्षा ठरवून मुलाच्या सुटीची वाट पाहत बसतो.

चित्रांविषयी एक गंमत सांगतो. या काचेवर बोलण्याचे चिन्ह म्हणून जुन्या काळ्या दूरध्वनीचा कानाचा दांडा काढलेला असतो. टपालाचे चिन्ह म्हणून लिफाफा. वेळेचे चिन्ह म्हणून काट्यांचे घड्याळ. नातवंडांनी यांतील निम्म्या वस्तू हाताळलेल्या नाहीत. त्या आमच्याच काळच्या. म्हणजे या नव्या घराच्या दारांवर पाट्या लावल्या आहेत त्या आमच्या लिपीत. हे एकदा ध्यानात आले की परकेपणा बराच कमी होतो. मात्र या यंत्राचा एक दुर्गुण आम्ही क्षमा करू शकत नाही. रात्रीतून ते स्वतःस सुधारून घेते, आणि सकाळी पाहावे तो कालचे चिन्ह जागेवर नसते. आमच्या वडिलांच्या मशीनची सुई साठ वर्षे एकाच जागी होती. ज्यांनी हे फोन घडविले त्यांना सवय ही माणसाची मिळकत असते, याची जाणीव दिसत नाही. असो.

आता सर्वांत नाजूक विषय, म्हणजे पैसा.

आपल्या समाजातील एका वृद्ध भगिनीची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न घेता सांगतो. यजमान वारल्यानंतर त्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू लागले. पूर्वी त्या स्वतः पासबुक घेऊन बँकेत जात, सही करीत, पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवीत. पुढे गुडघे दुखू लागले, बँकेचे व्यवहार फोनवर आले, आणि त्यांच्या पुतण्याने सर्व भार आपल्याकडे घेतला. पुतण्या सज्जन आहे, एका पैशाचीही अफरातफर नाही; औषध, किराणा, विजेचे देयक सर्व वेळच्या वेळी. परंतु भाचीच्या मंगळागौरीस एकशे एक रुपये द्यावयाचे तर त्यांना पुतण्यास सांगावे लागे, आणि तो विचारी, "कशाला, काकू?" त्याच्या विचारण्यात वाकडे काही नव्हते. तरीही प्रत्येक वेळी कारण सांगावे लागे, आणि हळूहळू त्यांनी देणेच सोडले. देणे सोडले म्हणजे जाणे सोडले. जाणे सोडले म्हणजे बोलावणे येईनासे झाले. हिशेब चोख राहिला, आणि काकू मात्र आपल्याच पैशांच्या पाहुण्या झाल्या.

गेल्या वर्षी आम्ही काही मंडळींनी वसतिगृहाच्या खालच्या खोलीत बुधवारी दुपारी जी बैठक सुरू केली तीत या भगिनी आल्या. प्रथम असे आढळले की बँकेत त्यांच्या नावापुढे नोंदलेला मोबाईल क्रमांक त्यांचा नव्हताच. तो पुतण्याचा होता. व्यवहाराची प्रत्येक सूचना, प्रत्येक ओटीपी त्याच्याकडेच जाई. ही गोष्ट सभागृहातील किती जणांच्या बाबतीत खरी असेल, याचा ज्याने त्याने आज घरी जाऊन शोध घ्यावा. यूपीआयची जी पद्धत २०१६ सालापासून चालू झाली, तीत बँकेस नोंदलेल्या क्रमांकाचे सिमकार्ड ज्या फोनात असेल त्याच फोनातून पैसे जातात. तेव्हा आमच्या बैठकीचा पहिला धडा फोनाचा नव्हताच. बँकेत जाऊन क्रमांक बदलण्याचा अर्ज भरण्याचा होता. तो अर्ज देताना पुतण्याच त्यांना हात धरून घेऊन गेला होता, हे त्याच्या मोठेपणास साजेसे झाले. त्यास वाईट वाटले असेल का? वाटले असेल. काकूंनी त्याला एवढेच सांगितले, "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे रे, माझ्यावर बसावा म्हणून."

पुढे त्यांनी पिन निश्चित केला तेव्हा आम्ही सर्व जण पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही, हे वाक्य त्यांनी आपल्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. सातव्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या बोटाने पहिली रक्कम पाठविली ती आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीस, रुपये एक्कावन्न. बोट थरथरत होते. रक्कम टाकताना शून्य अधिक पडू नये म्हणून त्यांनी ती तीन वेळा मोठ्याने वाचली. खजिनदारांनी पावती कागदावर फाडून दिली, कारण काचेवरची पावती ही पावती नव्हे असे काकूंचे ठाम मत आहे. आमचेही त्याहून फारसे निराळे नाही.

फसवणुकीविषयी चार शब्द अवश्य बोलले पाहिजेत, कारण याच भीतीने कित्येक जण फोनास हात लावीत नाहीत आणि कित्येक घरांत हेच कारण पुढे करून वृद्धांचा फोन काढून घेतला जातो. अलीकडे 'डिजिटल अटक' नावाचा एक प्रकार निघाला आहे. पोलिसी गणवेशातील इसम फोनावर चित्ररूपाने प्रकट होतो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे, असे दरडावतो. तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस काचेपुढून उठू देत नाही. आणि 'तपासणीसाठी' म्हणून आयुष्याची पुंजी भलत्या खात्यावर वळवून घेतो. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून याविषयी देशास सावध केले. आपल्या कायद्यात फोनावरून अटक करण्याची तरतूदच नाही. पोलीस दारावर येतात, आणि शेजाऱ्यांना दिसतात.

लोक म्हणतात, म्हातारी माणसे लोभाने फसतात. या प्रकारात तरी लोभ कोठे आहे? येथे आमच्या पिढीचे दोन गुणच आमच्यावर उलटविले जातात. सरकारी आवाजापुढे उभे राहून उत्तर देण्याचे वळण आम्हांस लहानपणापासून लागलेले, आणि अब्रूची चाड. 'कोणास सांगू नका' ही त्या भामट्याची पहिली अट असते, आणि अब्रूच्या भयाने आम्ही ती पाळतो. घरात फोनावरून रोज हिणविले गेलेले माणूस अशा वेळी मुलास हाक मारण्यास आणखीच कचरते. "तुम्हांला सांगितलं होतं ना" हे वाक्य त्यास भामट्याच्या धमकीहून अधिक जवळचे आणि म्हणून अधिक भीतिदायक वाटते. ज्या घरी प्रश्न विचारल्यावर हसू ऐकू येत नाही त्या घरचा वृद्ध सहसा फसत नाही, किंवा फसला तरी तासाभरात बोलतो. आणि तासाभरात बोलणे येथे फार मोलाचे आहे. १९३० या क्रमांकावर तातडीने कळविल्यास पैसे पुढे जाण्यापूर्वी थोपविण्याची शक्यता राहते. हा क्रमांक फोनात साठवून भागणार नाही. भिंतीवर लिहावा, कारण त्या घटकेस फोन त्या भामट्याच्याच ताब्यात असतो.

आता एक गाऱ्हाणे, आणि ते खुद्द आपल्या मंडळाविरुद्ध आहे. अध्यक्ष महाराज रागावणार नाहीत अशी आशा आहे. पूर्वी सभेची सूचना पोस्टकार्डाने येत असे. चार वर्षांपूर्वी खर्च व श्रम वाचावेत म्हणून ती प्रथा बंद झाली आणि सर्व वृत्त व्हॉट्सॲपवरील समूहात येऊ लागले. परिणाम असा की ज्यांनी हे मंडळ चाळीस वर्षे पोसले, दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, तेच वृत्ताबाहेर पडले. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याचे निधन झाले. त्यांच्याबरोबर एका दुकानात तीस वर्षे मशीन चालविलेल्या गृहस्थांना ती वार्ता तेराव्यानंतर कळली. आणि ज्यांच्याकडे फोन आहे त्यांची तरी स्थिती काय? सकाळी उठावे तो फुले, सूर्योदय, देवादिकांची चित्रे आणि 'शुभ प्रभात' यांचा असा लोंढा आलेला असतो की निधनवार्ता कोणत्या गुलाबाखाली दडली आहे ते सापडत नाही. एकदा तर निधनवार्तेखालीच एकाने हसरा चेहरा टाकला. बोट घसरले होते, मन नव्हे. परंतु त्या कुटुंबास ते कोण समजावणार?

यास्तव आमच्या तीन विनंत्या कार्यकारी मंडळापुढे आहेत. व्हॉट्सॲपच्या समूहात केवळ चालकांनाच लिहिता यावे अशी योजना करता येते. तसा एक समूह निव्वळ सूचनांसाठी असावा आणि फुलांसाठी दुसरा. जे सभासद लेखी मागतील त्यांस पोस्टकार्ड पूर्ववत जावे. आणि निधनाची वार्ता सत्तरीपुढील सभासदांस कोणीतरी प्रत्यक्ष फोन करून, आपल्या आवाजात सांगावी. यंत्र आहे म्हणून माणसाचे काम संपले असे होत नाही.

बुधवारच्या बैठकीचे नियम थोडके आहेत. शिकणाऱ्याचा फोन शिकणाऱ्याच्याच हाती राहील; शिकविणाऱ्याने आपले हात पाठीमागे बांधून ठेवावेत. हा नियम पाळणे तरुण स्वयंसेवकांना किती जड जाते हे पाहण्यासारखे असते. त्यांची बोटे पाठीमागे अक्षरशः वळवळतात. एका आठवड्यास एकच गोष्ट. पहिल्या महिन्यात पैशाचे काही नाही; केवळ फोन लावणे, घेणे, फोटो काढणे, फोटो पुसणे. म्हणजे आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे आधी कागद, मग चिंधी. पाच मिनिटांचे काम पाऊण तास चालते, आणि कोणी घड्याळाकडे पाहत नाही.

या बैठकीत एक वृद्ध कारागीर येतात. शाळा तिसरीतच सुटली. मापे तेवढी लिहिता येतात, पत्र लिहिणे कधी साधले नाही. २०१७ सालापासून या फोनास मराठी बोलून सांगितल्यास तो ते देवनागरीत लिहितो, हे त्यांना दाखविले. त्यांनी काचेजवळ तोंड नेऊन, साहेबापुढे बोलावे तसे अदबीने, नगरला असलेल्या धाकट्या बहिणीस उद्देशून चार ओळी सांगितल्या. त्यांची बोली यंत्रास सर्वस्वी उमगली नाही. 'म्या' चे त्याने 'मी' केले आणि एका गावाचे नाव भलतेच लिहिले. ते पाहून ते म्हणाले, "मास्तरांसारखंच आहे हे, आपलं बोलणं सुधारतंय." तरी पत्र गेले. उत्तर आले ते आवाजाचे होते, कारण बहिणीसही लिहिता येत नाही. ते त्यांनी खोलीत सर्वांसमक्ष ऐकले, मग बाहेर पायरीवर जाऊन पुन्हा ऐकले.

पुढील बैठक येत्या बुधवारी दुपारी चार वाजता आहे. येताना चष्मा, एक वही आणि फोन भारण्याची दोरी बरोबर आणावी. बँकेचे पासबुक आणल्यास आपला कोणता क्रमांक तेथे नोंदलेला आहे ते पाहून देऊ. नातवंडांना सोबत आणण्यास हरकत नाही. त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर कॅरम मांडून ठेवलेला असतो. खालच्या खोलीत मात्र त्यांना साडेपाचनंतरच, चहाच्या वेळी, प्रवेश मिळेल.